प्लग बदलले, कॉइल बदलली, तरी मिसिंग जात नाही

प्रश्न: माझ्याकडे २०१७ ची तीन सिलेंडरची हॅचबॅक आहे, कंपनीनेच बसवलेल्या सीएनजी किटसह. ९६ हजार किलोमीटर झाले, त्यातले बहुतेक गॅसवर. सकाळी थंड असताना गाडी व्यवस्थित चालते. दहा-पंधरा मिनिटांनी गरम झाली की सिग्नलला उभी असताना थरथरते, चेक इंजिनचा दिवा लागतो. हायवेला फारसं जाणवत नाही. पेट्रोलवर टाकली तरी तेच. स्कॅनरवर दर वेळी 'पी ०३०३' येतो. तिन्ही प्लग नवे घातले, तिसऱ्या सिलेंडरची कॉइल नवी घातली, इंजेक्टर साफ करून घेतले, पण फरक नाही. एक मेकॅनिक म्हणतो ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) गेला, दुसरा म्हणतो इंजिन खोलावं लागेल. एवढा खर्च करण्याआधी नेमकं काय तपासून घ्यावं?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: ईसीयू विकत घेऊ नका आणि इंजिनही अजून खोलू देऊ नका. आतापर्यंत तुमच्या गाडीत भाग बदलले गेले, मोजमाप एकही झालेलं नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून आमचा पहिला संशय तिसऱ्या सिलेंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेवर जातो. टॅपेटची (व्हॉल्व्हला दाबणाऱ्या भागाची) फट संपून तो व्हॉल्व्ह गरम इंजिनात पूर्ण मिटत नसावा. पण आमचा संशय हाही संशयच. तो खरा की खोटा हे अर्ध्या दिवसाच्या मोजमापात कळतं, आणि त्यासाठी हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागत नाही.

आधी कोडचं बघू. 'पी ०३०३' म्हणजे तिसऱ्या सिलेंडरने जोर दिला नाही, एवढंच. ईसीयू हे क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून ओळखतो. प्रत्येक सिलेंडर पेटला की क्रँकला छोटासा धक्का मिळतो आणि त्याचा वेग किंचित वाढतो. तिसऱ्याच्या पाळीला तो वेग वाढला नाही, की मिसफायरची, म्हणजे सिलेंडर नीट न पेटण्याची, मोजणी पुढे सरकते. ठिणगी पडली नाही, इंधन आलं नाही, की आत दाबच तयार झाला नाही, हे त्या कोडला कळण्याचा काही मार्ग नाही. म्हणून कोड बघून थेट कॉइल बदलणं हा अंदाज असतो, निदान नव्हे.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे पेट्रोल आणि गॅस, दोन्हींवर एकच दोष. पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे वेगळे. दोन्हीकडे नेमक्या तिसऱ्याच सिलेंडरचा इंजेक्टर एकाच वेळी बिघडणं जवळपास अशक्य. म्हणजे इंधनाची बाजू सुटली. ठिणगीची बाजू अजून पूर्ण सुटलेली नाही, कारण नवी कॉइलही खराब निघू शकते. तिसऱ्याची कॉइल आणि प्लग पहिल्या सिलेंडरवर लावा, पहिल्याचे तिसऱ्यावर लावा, कोड खोडा आणि गाडी गरम होईपर्यंत चालवा. कोड 'पी ०३०१' झाला तर दोष कॉइलचा किंवा प्लगचा. 'पी ०३०३' वरच राहिला तर ती जोडी निर्दोष. कॉइल काढलेली असतानाच प्लगच्या विहिरीत टॉर्च मारून बघा. वरच्या कव्हरचं गॅस्केट गळत असेल तर तिथे ऑइल साचतं, पावसाळ्यात कधी पाणीही असतं. कॉइलचं रबर त्यात भिजलं की ठिणगी बाजूनेच हेडला जाते.

इथे एक गफलत नेहमी होते. सिलेंडर कोणत्या बाजूने मोजायचे? आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत टायमिंग चेन आणि पुलीच्या बाजूचा सिलेंडर पहिला, आणि गिअरबॉक्सच्या बाजूचा शेवटचा. उलट मोजणी झाली असेल तर तुमची नवी कॉइल चुकीच्या सिलेंडरवर गेली असू शकते. खात्री करायची असेल तर गाडी पेट्रोलवर आयडलला (रेस न देता, उभ्या जागी चालू) ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काही सेकंदांपुरतं काढा. चांगल्या सिलेंडरचं काढलं की इंजिन लगेच आणखी लंगडतं. ज्याचं काढून काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. कॉइलचं कनेक्टर काढून ही तपासणी करू नका, कारण मग न जळलेलं पेट्रोल थेट धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळून त्याला वितळवतं. चेक इंजिनचा दिवा नुसता लागण्याऐवजी लुकलुकत असेल तेव्हाही हाच धोका असतो. तो लुकलुकायला लागला की एक्सलरेटरवरचा पाय हलका करा, गाडी बाजूला घ्या, तशीच रेटू नका.

आता मुख्य तपासणी, कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा दाबली गेली की किती दाब तयार होतो त्याची. तुमच्या बाबतीत ती दोनदा करून घ्यायची आहे, एकदा रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर आणि एकदा पूर्ण गरम इंजिनावर. हा आग्रह कशासाठी, ते पुढे येईलच. बहुतेक गॅरेजमध्ये ती एकदाच, तीही गाडी थंड असताना उरकतात, आणि 'कॉम्प्रेशन ओके' असा निकाल देऊन टाकतात.

गेज आट्यांचा घ्या, नुसता दाबून धरायचा रबरी टोकाचा नको. तो धरताना हवा सुटते आणि आकडे भरवशाचे येत नाहीत. तुमच्या प्लगचे आटे १० मिलिमीटरचे, १२ चे की १४ चे, ते आधी बघून त्या मापाचा अडॅप्टर लावा. गॅसच्या टाकीचा मॅन्युअल व्हॉल्व्ह बंद करा, पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजेक्टरची आणि कॉइलची कनेक्टर काढून ठेवा. उघड्या विहिरींतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना ठिणगी पडणं परवडणारं नाही. प्लग काढण्याआधी विहिरींत हवा मारून धूळ-वाळू उडवा, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये पडते. मग तिन्ही प्लग काढा. फक्त ज्याचं मोजायचं त्याचाच काढला तर सेल्फला बाकीच्या दोघांचा दाब ढकलावा लागतो आणि इंजिन हळू फिरतं. गरम तपासणीच्या वेळी फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन तापवा, बंद करा, पाचेक मिनिटं थांबा आणि हातमोजे घालून प्लग सावकाश सोडवा. अल्युमिनियमच्या हेडचे आटे तापलेले असताना नरम असतात, तिथे झटका देऊ नका.

एक्सलरेटर पूर्ण दाबून ठेवून सेल्फ मारायचा, म्हणजे थ्रॉटलचा फ्लॅप उघडा राहतो आणि सिलेंडरला पुरेशी हवा मिळते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या काही गाड्यांत सेल्फ मारताना पेडल दाबूनही फ्लॅप उघडत नाही. हवेचा पाइप काढून डोळ्यांनी बघा. उघडत नसेल तर जबरदस्तीने बोट घालून उघडू नका. तिन्ही आकडे कमी येतील, पण त्यांची आपसातली तुलना कामाचीच राहील. प्रत्येक सिलेंडरला सारखेच ठोके द्या, सहा ते आठ पुरतात. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, शक्य तर दुसरी बॅटरी जोडून घ्या. शेवटी पहिला सिलेंडर पुन्हा मोजा. त्याचा आकडा सुरुवातीपेक्षा घसरला असेल तर बॅटरी उतरली आणि मधले आकडेही फसवे आहेत.

गेजवर दोन गोष्टी बघायच्या. पहिल्या ठोक्याला काटा कुठवर गेला, आणि शेवटी कुठे थांबला. धडधाकट पेट्रोल इंजिनात शेवटचा आकडा साधारण १५० ते २०० पीएसआय (दाबाचं एकक) असतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. पण मॅन्युअलमधला आकडा समुद्रसपाटीचा धरलेला असतो. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर, त्यामुळे इथली हवा सहा-साडेसहा टक्क्यांनी विरळ. मुंबईत १८० दाखवणारं तेच इंजिन पुण्यात १६८-१७० दाखवेल, आणि त्यात काही बिघाड नाही. यापेक्षा महत्त्वाचा आहे तिघांमधला फरक. १५ पीएसआयपर्यंतचा फरक चालतो. पहिला १७०, दुसरा १६५ आणि तिसरा ११० असं दिसलं तर मिसफायरचं कारण समोर आहे. १०० च्या खाली गेलेल्या सिलेंडरकडून आयडलला नीट पेटण्याची अपेक्षा ठेवू नका.

काटा कसा चढतो हेही बोलकं असतं. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील तर पहिला ठोका कमकुवत, पण पुढच्या प्रत्येक ठोक्याला काटा थोडा थोडा चढत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिला ठोका कमी आणि पुढेही तो फारसा वाढत नाही. मग ओली चाचणी घ्या. कमी आकड्याच्या सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलीलीटर इंजिन ऑइल सोडा, दोनदा सेल्फ मारून ते पसरू द्या आणि पुन्हा मोजा. ऑइलने रिंगांच्या फटी काही क्षण बुजतात. आकडा ११० वरून १५० वर उडी मारत असेल तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा (सिलेंडरच्या आतल्या भिंतीचा). ११० चा ११५ झाला तर गळती वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये. ऑइल जास्त ओतू नका. जास्त ऑइल पिस्टनच्या वरची जागाच व्यापतं, त्यामुळे आकडा खोटा वाढतो आणि चांगल्या रिंगांवर आळ येतो.

थंड आणि गरम, दोनदा मोजायचं कारण आता सांगतो. व्हॉल्व्ह तापला की त्याचा दांडा लांबतो. त्यासाठीच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) आणि टॅपेटमध्ये थोडी फट ठेवलेली असते. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते. पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्हला थोडा गारवा देतात, कोरडा गॅस ते करत नाही. तापलेला व्हॉल्व्ह सीटवर कोरडा आदळत राहतो, आणि दर आदळण्याला धातूचा अगदी सूक्ष्म कण निघतो. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, त्याचा दांडा टॅपेटला वर ढकलतो आणि फट कमी होत जाते. शेवटी ती संपते. थंड इंजिनात व्हॉल्व्ह जेमतेम मिटतो, म्हणून सकाळी गाडी चांगली. गरम झाल्यावर दांडा लांबला की कॅम त्याला पूर्ण मिटूच देत नाही, केसाएवढी फट राहते आणि दाब तिथून एक्झॉस्टमध्ये निसटतो. मग सिग्नलला थरथर. थंड इंजिनावर १६५ आणि गरमवर ११५ असं आलं, तर निदान जवळपास पक्कं समजा.

हायवेला फरक जाणवत नाही याचंही कारण हेच. सायकलचा पंप सावकाश दाबला तर गळक्या वायसरातून हवा निसटते, झटक्यात दाबला तर निसटायला वेळच मिळत नाही. आठशे आरपीएमला गळतीला जेवढा वेळ मिळतो त्याच्या एक चतुर्थांश वेळ ३२०० ला मिळतो.

पुढची पायरी टॅपेटची फट मोजण्याची. याला वरचं कॅम कव्हर काढणं पुरतं, त्याचं गॅस्केट मात्र नवं लावा. काम रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच करा. प्लग काढून ठेवा, पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हाताने फिरवा. ज्या व्हॉल्व्हची फट मोजायची त्याच्या कॅमचं नाक टॅपेटपासून उलट्या दिशेला आलं की फिलर गेजची पाती सारा. पाती किंचित अडखळत सरकली म्हणजे ती फट. बहुतेक इंजिनांत इनटेकची फट ०.१५ ते ०.२५ आणि एक्झॉस्टची ०.२५ ते ०.३५ मिलिमीटरच्या आसपास असते. तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. सगळ्या व्हॉल्व्हचे आकडे कागदावर लिहून घ्या, फक्त तिसऱ्याचे नव्हेत. तिसऱ्याची फट ०.०५ निघाली आणि पहिल्याची ०.१५, तर पुढची पाळी पहिल्याची आहे हे आजच कळतं.

'टॅपेटचा आवाज येत नाही, म्हणजे टॅपेट ठीक' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवतील. आवाज येतो तो फट वाढली की. फट संपलेले टॅपेट एकदम शांत असतात, आणि धोका त्याच शांततेत असतो. व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. तो टेकायचा थांबला की त्याची कड तापून जळायला लागते. एकदा कडेचा तुकडा गेला की मग हेड उतरवण्याला पर्याय नाही. म्हणून ही तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

फट दुरुस्त करण्याची रीत इंजिनाप्रमाणे बदलते. काहींत स्क्रू आणि नट, काहींत शिम (पातळ चकती), काहींत वेगवेगळ्या जाडीचे टॅपेट. शिम किंवा टॅपेट असेल तर हिशोब सोपा: जुन्या शिमची जाडी, अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट. जुना शिम २.८० मिलिमीटर, मोजलेली फट ०.०८, हवी ०.३० असेल तर नवा शिम २.५८ चा, किंवा त्याच्या सर्वांत जवळचा जो मिळेल तो. जाडी मायक्रोमीटरने मोजायची, शिमवरच्या जुन्या छापावर विसंबायचं नाही. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनात मात्र ही फट मोजायची नसते. फट जुळवल्यावर गाडी गरम करून कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. आकडा बाकीच्यांच्या बरोबरीला आला तर तुम्ही वेळेत पकडलंत, हेडचं काम वाचलं. फट बरोबर करूनही आकडा कमीच राहिला, तर कड जळालेली आहे किंवा सीट खड्डेदार झाली आहे.

ते नक्की करायला हेड उतरवण्याआधी हवेची चाचणी घ्या. तिसरा सिलेंडर कॉम्प्रेशनच्या ठोक्याच्या अगदी माथ्यावर आणा, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. प्लगच्या भोकात टिश्यू पेपरचा बोळा ठेवून इंजिन हाताने फिरवलं की तो ज्या वेळी बाहेर उडतो, तो कॉम्प्रेशनचा ठोका. तिथून पुढे प्लास्टिकची स्ट्रॉ भोकात धरून पिस्टन वर येऊन थांबेपर्यंत फिरवा. स्ट्रॉ बाहेर काढा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि पुलीवरचा पाना काढून घ्या. हवेच्या दाबाने क्रँक फिरला तर तो पाना मनगट मोडेल. किती हवा गळते ते दाखवणारं दोन गेजचं लीकडाउन टेस्टर असेल तर १०० पीएसआय हवा द्या. दुसऱ्या गेजवर ९० च्या वर दिसलं तर उत्तम, ८० पर्यंत चालतं, ७० च्या खाली असेल तर गळती नक्की.

टेस्टर नसेल तरी हरकत नाही. कॉम्प्रेशन गेजच्या पाइपातला छोटा व्हॉल्व्ह काढून तोच पाइप कंप्रेसरला जोडला तरी कान पुरतो. सायलेन्सरच्या टोकाला कान लावून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हवेच्या पाइपात, थ्रॉटलपाशी आली तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा; थोडीशी तिथे प्रत्येक इंजिनात येते, तेवढ्याने घाबरू नका. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. शेजारच्या सिलेंडरच्या भोकातून आली तर दोन सिलेंडरमधलं गॅस्केट. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं, हे वेगळं सांगायला नको. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा गॅरेजमध्ये असेल तर प्लगच्या भोकातून एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडही बघून घ्या. चांगल्या व्हॉल्व्हचा रंग सगळीकडे सारखा असतो. जळालेल्याच्या कडेला एकाच जागी पांढुरका किंवा काळपट त्रिकोणी डाग दिसतो.

बाकीच्या संशयितांबद्दल थोडक्यात. हेड गॅस्केटचं मिसफायर तुमच्या उलट वागतं: रात्रभर थोडं कूलंट सिलेंडरमध्ये झिरपतं, सकाळी पहिलं मिनिट-दोन मिनिटं गाडी लंगडते, पांढरी वाफ येते, मग सुधारते. कूलंट वारंवार कमी होत असेल तरच त्याच्या मागे लागा. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच गॅस्केटवर ठपका ठेवू नका. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत ती नुसत्या दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र गंभीर. टायमिंग चेन सैल होऊन दात सुटला असेल तर तिन्ही सिलेंडरचे आकडे एकत्र पडतात, एकट्या तिसऱ्याचा नाही.

इनटेक मॅनिफोल्डची गळती मात्र तुमच्या दोषाशी चांगलंच साम्य दाखवते, कारण तीही आयडलला त्रास देते आणि रेस दिल्यावर लपते. तिसऱ्या सिलेंडरच्या नळीपाशी मॅनिफोल्डचं गॅस्केट, गॅस किटच्या नोझलचे जोड आणि त्यांच्या रबरी नळ्या बघा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघून घ्यायला सांगा. आयडलला तो +१० टक्क्यांच्या वर असेल आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर हवेची गळती शोधा. त्यातही एक मेख आहे: मिसफायर झालेल्या सिलेंडरमधली न वापरलेली हवा ऑक्सिजन सेन्सरला पोहोचते, त्यामुळे व्हॉल्व्ह गळत असतानाही ट्रिम थोडा वाढलेला दिसू शकतो. म्हणून ट्रिमचा निकाल कॉम्प्रेशनच्या आकड्याशी ताडूनच घ्यायचा. गळती शोधायला धुराचं मशीन सर्वांत चांगलं. गरम इंजिनावर क्लीनरचे फवारे मारणं आम्ही टाळायला सांगतो, त्याने आग लागू शकते.

सगळे आकडे चांगले आले आणि तरी मिसफायर राहिला, असंही कधी होतं. कॅमचं नाक झिजलेलं असणं किंवा व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलेली असणं ही त्यामागची दोन कारणं. सेल्फच्या सावकाश वेगात ती लपतात. तेव्हा चालत्या इंजिनावर कॉम्प्रेशन मोजावं लागतं. एकाच सिलेंडरचा प्लग काढून तिथे गेज लावायचा, त्याच सिलेंडरचा इंजेक्टर आणि कॉइल बंद ठेवायची, आणि बाकीच्या दोघांवर इंजिन चालवायचं. आयडलला आकडा सेल्फवरच्या आकड्याच्या साधारण निम्मा किंवा त्याहून कमी दिसतो. तिन्ही सिलेंडरचे आकडे आपसात ताडा. एकटा वेगळा निघाला तर त्याचा कॅम आणि स्प्रिंग बघा. कॅम कव्हर काढलेलं असेल तर प्रत्येक कॅमची उंची मोजणं त्याहून सोपं.

ईसीयूचं एका वाक्यात: तिसऱ्याच्या कॉइलला सिग्नल आणि पुरवठा येतो की नाही हे मीटरने किंवा टेस्ट लॅम्पने आधी तपासल्याशिवाय ईसीयूचं नाव घेऊ देऊ नका. आणि गरम इंजिनावर कॉम्प्रेशन ११० असेल तर ईसीयू नवा घालूनही ते ११० च राहणार आहे.

हेडचं काम निघालंच, तर गॅरेजमध्ये काय मागायचं तेही सांगतो. नुसतं 'व्हॉल्व्ह ग्राइंडिंग' करून हेड परत चढवायचं नाही. सीट झिजली आहे, म्हणून सीट कटिंग, आणि खोली मर्यादेबाहेर गेली असेल तर नवी सीट बसवून घ्या. कड जळालेला व्हॉल्व्ह घासून वापरायचा नाही, नवाच घालायचा. व्हॉल्व्ह गाइड ढिले आहेत का बघून घ्या; गाइड ढिलं असेल तर नवी सीटही वाकडी झिजेल. स्टेम सील सगळे नवे. हेडचा पृष्ठभाग पट्टी आणि फिलरने तपासून, गरज असेल तरच फेसिंग. हेड चढवण्याआधी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून काही मिनिटं ठेवायला लावा, व्हॉल्व्हच्या कडेने एकही थेंब झिरपता कामा नये. हेडचे बोल्ट ताणून घट्ट करायच्या प्रकारचे असतील तर ते नवेच लागतात. घट्ट करायचा क्रम, टॉर्क आणि पुढचे अंश मॅन्युअलप्रमाणे. ओल्या चाचणीत रिंगा चांगल्या निघाल्या असतील तर 'हेड उतरवलंच आहे तर पिस्टन-रिंगाही करून घेऊ' याला नाही म्हणा. जुने व्हॉल्व्ह परत मागून घ्या, कड डोळ्यांनी बघा.

यापुढे गॅसवर चालवताना टॅपेटची फट कंपनीने सांगितलेल्या अंतरावर न चुकता तपासा, आवाज येवो न येवो. गॅसचं मिश्रण मायलेजसाठी पातळ करून घेऊ नका, त्याने व्हॉल्व्हवरचं तापमान आणखी वाढतं.

गॅरेजला गाडी देताना कागदावर लिहून मागा: तिन्ही सिलेंडरचे कोरडे आकडे थंड आणि गरम, कमी असलेल्याचा ओला आकडा, आणि सगळ्या व्हॉल्व्हच्या फटी. हे लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे हेड उतरवू नका. काम झाल्यावर कोड खोडायला लावा, गाडी पूर्ण गरम होईपर्यंत आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर स्वतः चालवा, परत येऊन दहा मिनिटं आयडलला ठेवा आणि स्कॅनरवर तिसऱ्या सिलेंडरची मिसफायर मोजणी बघा. ती दोन्ही इंधनांवर शून्यावर थांबलेली दिसली की पैसे द्या.